अळवावरचें पाणी आणि धातूंचें आयुष्य

क्षणभंगुर वस्तूला ‘अळवावरचें पाणी’ म्हणण्याची चाल आपल्या भाषेंत फार जुनी आहे. संपत्ति, तारुण्य, अधिकार हीं सर्व अळवावरच्या पाण्यासारखीं, असा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलों. संस्कृत ग्रंथकारांनीं हीच घटना कमलपत्राच्या द्वारें सांगितली. परंतु त्यांचा रोख बहुधा निराळा असतो. भगवद्गीतेच्या पांचव्या अध्यायांतील दहाव्या श्लोकांत, आसक्ति सोडून कर्म करणाऱ्या मनुष्यास पाप लागत नाहीं हें सांगतांना, पाण्यानें लिप्त न होणाऱ्या कमलपत्राचा दृष्टांत दिलेला आहे. म्हणजे लोकभाषेनें पाण्याची अस्थिरता पाहिली आणि गीतेनें पानाची निर्लेपता पाहिली. गेल्या अर्धशतकांत शास्त्रज्ञांनीं ह्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष पुरविलें, आणि पानाची ही निर्लेपता धातूच्या अंगीं आणतां येईल काय, असा प्रश्न स्वतःस घातला. धातु गंजूं नये आणि धातूच्या उपकरणांवर रोगजंतूंचें ठाणें बसूं नये, हे दोन्ही हेतु एकाच उपायानें साधण्याचा हा प्रयत्न आहे. तो कोठवर आला आहे आणि कोठें अडला आहे, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

गंज कसा चढतो

गंज ही दिसण्यांत क्षुल्लक बाब आहे. पावसाळ्यांत विळीचें पातें तांबूस झालें कीं घरांतील बायका तें घासून पुसून पुन्हा कामास लावतात. खिडकीच्या गजांचे पापुद्रे निघूं लागले कीं यजमान रंगाऱ्यास बोलावतात. आणि कोंकणांतील खाऱ्या हवेंत राहणाऱ्यांस तर ह्या गोष्टीचें नवलच उरलेलें नसतें. परंतु असे लहान लहान खर्च एकत्र मिळविले म्हणजे त्यांचा डोंगर होतो. गंजाचा अभ्यास करणाऱ्या ‘नेस इंटरनॅशनल’ ह्या संस्थेनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, धातूंच्या ह्या नाशामुळें सर्व जगास वर्षाकांठीं सुमारें अडीच लाख कोटी डॉलरांचा भुर्दंड पडतो, असा अंदाज केला आहे. ही रक्कम २०१३ सालच्या जगाच्या एकूण उत्पन्नाच्या शेंकडा ३.४ इतकी भरते. आणि पूल कोसळून वा नळ फुटून होणारी जीवितहानि तींत धरलेली नाहीं.

गंज चढावयास लोखंड, पाणी आणि प्राणवायु ह्या तिघांची गांठ पडावी लागते. शाळेंत मुलांस हें तीन खिळ्यांच्या साहाय्यानें दाखवितात. एक खिळा कोरड्या हवेंत बंद करून ठेवावा. दुसरा, उकळून आंतील हवा घालविलेल्या पाण्यांत ठेवून वर तेलाचा थर द्यावा. आणि तिसरा साध्या पाण्यांत अर्धवट बुडवून उघडा ठेवावा. कांहीं दिवसांनीं पाहिलें तर तिसराच गंजलेला आढळतो. केंब्रिज येथील यूलिक इव्हान्स ह्या शास्त्रज्ञानें ह्याच्या पुढें जाऊन, लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवून काय घडतें तें पाहिलें. थेंबाच्या कडेस हवेंतील प्राणवायु सहज पोंचतो, मध्यभागीं तितका पोंचत नाहीं. ह्या विषमतेमुळें त्या थेंबांत एक चिमुकला विद्युद्घटच तयार होतो. मध्यभागचें लोखंड विरघळूं लागतें, आणि मध्य व कड ह्यांच्या दरम्यान गंजाचें एक कडें उमटतें. मिठानें पाण्याची वीज वाहून नेण्याची शक्ति वाढते, म्हणून समुद्रकांठीं हें काम झपाट्यानें होतें. तात्पर्य, धातूचा शत्रु पाऊस नव्हे. धातूवर ठाण मांडून बसणारा थेंब हा खरा शत्रु होय.

पांघरुणाचे जुने उपाय

ह्या शत्रूपासून धातूचें रक्षण करण्याचे आजवरचे बहुतेक उपाय एकाच जातीचे आहेत. ते म्हणजे पांघरूण घालणें. आपल्या घरांतील कल्हई हें त्याचें उत्तम उदाहरण होय. पितळेचें भांडें तापवावयाचें, त्यांत नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग स्वच्छ करावयाचा, कथील लावावयाचें आणि कापसाच्या बोळ्यानें तें सर्वत्र पसरावयाचें. असें केलें म्हणजे ताक किंवा चिंचेची आमटी कळकत नाहीं, कारण आंबट पदार्थाची गांठ तांब्याशीं न पडतां कथलाशीं पडते. लोखंडाच्या पत्र्यास जस्ताचा मुलामा देणें, जहाजास रंग लावणें, तव्याला तेलाचा हात फिरवून ठेवणें, हे सर्व त्याच कुळांतले उपाय आहेत.

कांहीं धातु आपलें पांघरूण आपणच विणतात. १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यानें क्रोमियम मिसळलेलें पोलाद तयार केलें. आज आपल्या मांडणीवर झळकणारें स्टेनलेस स्टील त्याच वंशांतलें. त्यांतील क्रोमियमचा हवेशीं संयोग होऊन डोळ्यांस न दिसणारा एक पातळ थर बनतो व तो आंतील लोखंड सांभाळतो. दिल्लीस मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें ऊनपाऊस सोशीत उभा आहे. त्याचें रहस्य कानपूरच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम ह्यांनीं उलगडून दाखविलें. त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर फॉस्फेटयुक्त असा एक घट्ट संरक्षक थर बसला आहे.

परंतु पांघरूण म्हटलें कीं तें फाटावयाचेंच. कल्हई उडते, रंगास चीर पडते. आणि एकदां पाणी त्या चिरेंतून आंत शिरलें म्हणजे गंज रंगाच्या खालीं, आपल्या नकळत पसरत जातो. म्हणून, झांकण घालण्याऐवजीं पाणी बसूंच न देणारा धातु करतां येईल काय, ह्या प्रश्नास महत्त्व आलें.

पान कां भिजत नाहीं

ह्याचें उत्तर वनस्पतिशास्त्रांतून मिळालें. जर्मनींतील विल्हेल्म बार्थलॉट हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं निरनिराळ्या वनस्पतींचीं पानें तपाशीत असत. पाहण्यापूर्वीं पानें स्वच्छ करावीं लागत. परंतु कांहीं जातींचीं पानें मुळांतच स्वच्छ असल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. विशेष हें कीं, जीं पानें डोळ्यांस गुळगुळीत दिसत तीं मळलेलीं असत, आणि जीं सूक्ष्मदर्शकाखालीं खडबडीत दिसत तींच निर्मळ असत. बॉन विद्यापीठांत असतांना त्यांनीं क्रिस्टोफ नाइनहुइस ह्यांच्यासह १९९७ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकांतच पवित्र कमळाच्या शुचितेचा उल्लेख आहे. आपलें अळूहि ह्याच गुणाच्या वनस्पतींत मोडतें.

कमळाच्या पानावर मिलिमीटरच्या सुमारें शंभराव्या भागाइतक्या आकाराचे असंख्य उंचवटे असतात, आणि प्रत्येक उंचवट्यावर मेणाचे त्याहूनहि कितीतरी बारीक तंतु असतात. थेंब पडला म्हणजे तो ह्या तंतूंच्या टोकांवर तोलला जातो. खालच्या खांचांत हवा कोंडलेली राहते. म्हणजे थेंब पानावर बसलेला नसून बराचसा हवेवर बसलेला असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळें तो गोल होतो, आणि पान जरा कललें कीं धुळीचे कण गोळा करीत घरंगळून जातो.

येथें एक गणिताची गोष्ट सांगणें अवश्य आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशीं जो कोन करते, त्यावरून पाण्याचें त्या पृष्ठभागाशीं सख्य किती हें समजतें. हा विचार इंग्लंडांत टॉमस यंग ह्यानें १८०५ सालीं मांडला. स्वच्छ कांचेवर हा कोन जवळजवळ शून्य असतो. गुळगुळीत मेणावर तो काटकोनाहून थोडा मोठा होतो. परंतु पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर, तो कोणत्याहि पदार्थाचा असो, हा कोन सुमारें १२० अंशांपलीकडे जात नाहीं. कमळाच्या वा अळवाच्या पानावर मात्र तो १५० अंशांच्या वर असतो. म्हणजे ही करामत एकट्या मेणाची नव्हे, आकाराचीहि आहे. खडबडीत व सच्छिद्र पृष्ठभागांवर पाणी कसें वागतें ह्याचें गणित व्हेन्झेल ह्यानें १९३६ सालीं आणि कॅसी व बॅक्स्टर ह्यांनीं १९४४ सालीं सिद्ध केलें होतें. पानांनीं तें कोट्यवधि वर्षांपूर्वींच आचरणांत आणलें होतें.

ज्यांस हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं मुलांस जवळ घेऊन एक सोपा प्रयोग करावा. अळवाचें ताजें पान घेऊन त्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो मोत्यासारखा धांवेल. मग पानाचा एक भाग अंगठ्यानें जोरानें चोळून त्या जागीं दुसरा थेंब सोडावा. तो तेथेंच चिकटूं पाहील. नंतर साबणाच्या पाण्याचा थेंब न चोळलेल्या भागावर सोडावा, तो पसरेल. शेवटीं एका जुन्या चमच्यावर दिव्याच्या ज्योतीची काजळी धरावी, तो निवूं द्यावा आणि स्वच्छ पाण्यांत हलकेच बुडवावा. काळा चमचा पाण्यांत चांदीसारखा चमकूं लागतो! ती चकाकी धातूची नसून काजळीच्या कणांत अडकलेल्या हवेच्या थराची आहे. बाहेर काढला कीं चमचा कोरडा तो कोरडाच. ह्या प्रयोगांत पुढील सर्व विवेचनाचें बीज आहे.

धातूवरील कोरीव काम

धातूवर असे उंचवटे उठविण्याच्या अनेक रीति आहेत. कोणी आम्लानें धातु चरवितात, कोणी विजेच्या साहाय्यानें त्यावर सूक्ष्म छिद्रांचा थर वाढवितात. सर्वांत लक्षवेधक रीति लेसर किरणांची होय. अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठांत चुन्लेइ ग्वो व वोरोबिएव्ह ह्यांनीं २०१५ सालीं प्लॅटिनम, टिटॅनियम आणि पितळ ह्या तीन धातूंवर हें काम करून दाखविलें. त्यांनीं वापरलेल्या लेसरचा प्रत्येक झोत एका सेकंदाच्या अब्जांशाच्या दशलक्षांशांत मोजण्याइतका अल्पकाळ टिकतो. इतक्या थोड्या वेळांत उष्णता आजूबाजूस पसरण्यास अवसरच मिळत नाहीं. त्यामुळें पृष्ठभागावर पानाप्रमाणेंच मोठ्या खांचा व त्यांवर बारीक नक्षी अशी दुहेरी रचना उठते. त्यावर पडलेला थेंब उसळी घेऊन दूर होतो व जातांना धूळ घेऊन जातो. मात्र एक इंच लांब व एक इंच रुंद तुकड्यास त्यावेळीं एक तास लागला होता.

येथें एक बारकावा ध्यानांत ठेवावा. धातु हा स्वभावतः पाण्याशीं सख्य ठेवणारा आहे. लेसरनें नुकताच कोरलेला धातु पुष्कळदां उलट अधिकच भिजतो. कांहीं दिवस हवेंत राहिल्यावर हवेंतील स्निग्ध द्रव्यांचा अत्यंत पातळ थर त्यावर बसतो, आणि मग तो पाणी झटकूं लागतो. कित्येक ठिकाणीं असा थर रासायनिक रीतीनें मुद्दाम देतात. म्हणजे पानाला जसे उंचवटे आणि मेण दोन्ही लागतात, तसेंच धातूलाहि आकार आणि थोडी स्निग्धता हीं दोन्ही लागतात.

असा धातु पाण्यांत बुडविला असतां काजळीच्या चमच्याप्रमाणें त्याभोंवतीं हवेचा अंगरखा राहतो. खारें पाणी धातूस भिडत नाहीं, भिडलें तरी मोजक्या टोकांस भिडतें. इव्हान्सच्या थेंबांतील विद्युद्घट जुळावयास जागाच उरत नाहीं आणि गंजण्याचा वेग पुष्कळ कमी होतो. ग्वो ह्यांच्याच मंडळीनें २०१९ सालीं अल्युमिनियमच्या दोन कोरीव चकत्या, कोरलेली बाजू आंत ठेवून, जवळजवळ बसविल्या. त्यांच्यामधील कोंडलेल्या हवेमुळें ती रचना दोन महिने पाण्याखालीं दाबून ठेवल्यावरहि सोडतांक्षणीं वर आली.

जंतूंचा प्रश्न

आतां दुसऱ्या हेतूकडे वळूं. पाण्याच्या नळांत, शस्त्रवैद्याच्या हत्यारांवर, किंवा वृद्ध माणसाच्या गुडघ्यांत बसविलेल्या कृत्रिम सांध्यावर जंतु प्रथम एकेकटे चिकटतात. नंतर ते आपल्याभोंवतीं एक चिकट साय निर्माण करून तिच्या आश्रयानें वसाहत करतात. ही साय एकदां धरली म्हणजे औषध आंत पोंचणें कठीण जातें, आणि कधीं कधीं तो सांधा पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. शिवाय औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंमुळें एकट्या २०१९ सालीं जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज २०२२ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. अशा वेळीं, औषधावांचून केवळ पृष्ठभागाच्या गुणानें जंतूंस दूर ठेवतां आलें तर तें अनेक कुटुंबांस उपकारक होईल ह्यांत शंका नाहीं.

ह्याचे तीन मार्ग आहेत व ते एकमेकांपासून वेगळे समजून घेतले पाहिजेत. पहिला मार्ग जंतूंस चिकटूं न देण्याचा. जर्मनींतील एर्लांगेन, अमेरिकेंतील हार्वर्ड व फिनलंडमधील आल्टो ह्या विद्यापीठांतील शास्त्रज्ञांसह एका मंडळीनें २०२३ सालीं टिटॅनियमच्या मिश्रधातूवर असा पृष्ठभाग तयार केल्याचें प्रसिद्ध केलें, कीं त्यावरील हवेचा थर पाण्याखालीं २०८ दिवस टिकला. पाण्यांत राहणारा एक कोळी अंगावरील केंसांत हवेचा बुडबुडा धरून खालीं श्वास घेतो. त्याचाच हा कित्ता होय. ह्या पृष्ठभागावर ई-कोलाय जातीच्या जंतूंची वाढ फार कमी झाली आणि समुद्रांतील कालवांच्या जातीचे शिंपले तर मुळींच चिकटले नाहींत.

दुसरा मार्ग जंतूंस भोसकून मारण्याचा. सिकाडा नांवाचा, झाडावर बसून कर्कश आवाज करणारा एक कीटक आहे. त्याच्या पंखावरील अतिसूक्ष्म खुंट्यांवर बसलेले कांहीं जातींचे जंतु थोड्या मिनिटांत फाटून मरतात, असें ऑस्ट्रेलियांतील एलेना इव्हानोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं दाखविलें. पंखावर सोन्याचा पातळ मुलामा दिल्यावरहि हा परिणाम कायम राहिला. म्हणजे मारक गुण द्रव्याचा नसून आकाराचा आहे, हें सिद्ध झालें.

तिसरा मार्ग धातूच्या अंगभूत गुणाचा, आणि तो आपल्या घरांतलाच आहे. बंगळूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पटकी, हगवण इत्यादिकांचे जंतु मुद्दाम घातलेलें पाणी तांब्याच्या भांड्यांत १६ तास ठेवलें, तेव्हां ते जंतु पुढें जिवंत सांपडले नाहींत, आणि पाण्यांत उतरलेलें तांबें सुरक्षित मर्यादेच्या आंत राहिलें. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें २००८ सालीं तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंद केली. अर्थात् हें साध्या पाण्यापुरतें खरें. आंबट पदार्थ तांब्यांत ठेवूं नयेत, हा आजीबाईंचा नियम आजहि तितकाच खरा आहे.

कोठें अडतें

इतकें सर्व साधलें असतां हीं भांडीं आणि हे नळ घरोघर कां दिसत नाहींत, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर अळवाच्या पानावर अंगठा चोळला तेव्हांच मिळालें आहे. हे उंचवटे इतके नाजुक असतात कीं घासण्यानें ते मोडतात. आपल्याकडे भांडें राखेनें वा काथ्यानें खसखसून घासल्याखेरीज स्वच्छ झालें असें वाटतच नाहीं. तेथें ह्या कोरीव कामाचा निभाव लागणें कठीण. ह्यावर तोड म्हणून चीन व फिनलंड येथील संशोधकांनीं २०२० सालीं नाजुक रचनेभोंवतीं मोठ्या व मजबूत कडांची चौकट उभारून पाहिली, म्हणजे घर्षण त्या कडांनीं सोसावें व आंतील नक्षी वांचावी. साबणानें पृष्ठताण घटतो व पाणी खांचांत शिरतें. खोल पाण्याच्या दाबानें कोंडलेली हवा हळूहळू विरघळते. आणि दंव खांचांच्या आंतच जमलें तर थेंबास तोलणारी हवाच राहत नाहीं. हवा एकदां गेली कीं त्याच खांचा जंतूंस आश्रयस्थान होऊं शकतात, आणि मग मित्राचा शत्रु व्हावयास वेळ लागत नाहीं.

आणखी एक अडचण आरोग्याची आहे. स्निग्ध थरासाठीं फ्लुओरिनयुक्त द्रव्यें फार सोयीचीं पडतात. परंतु त्यांतील कित्येक निसर्गांत वर्षानुवर्षें कुजत नाहींत. पूर्वीं न चिकटणाऱ्या तव्यांच्या कारखान्यांत वापरलें जाणारें ‘पी.एफ.ओ.ए.’ हें असेंच एक द्रव्य. २०१९ सालीं स्टॉकहोम कराराखालीं तें निर्मूलन करावयाच्या द्रव्यांच्या यादींत घालण्यांत आलें. गंज टाळण्यासाठीं पाण्यांतच न जाणारें विष सोडणें हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे. म्हणून मेणासारख्या निरुपद्रवी द्रव्यांचा शोध चालू आहे.

ह्यावरून गृहस्थांनीं घ्यावयाचा बोध सोपा आहे. ‘ह्यास पाणी लागत नाहीं, जंतु धरत नाहींत’ अशी जाहिरात दिसली तर तीन प्रश्न विचारावे. हा गुण घासल्यावर व साबणानें धुतल्यावर किती दिवस टिकतो? थर कोणत्या द्रव्याचा आहे? आणि जंतु मरतात कीं नुसते चिकटत नाहींत? चिकटत नाहींत म्हणजे मेले असें नव्हे. ते पाण्याबरोबर दुसरीकडे जातात. ह्या प्रश्नांचीं सरळ उत्तरें मिळेपर्यंत भांडें धुवून, पुसून, कोरडें करून पालथें घालण्याची आपली जुनी शिस्तच गंजावरचा व जंतूंवरचा सर्वांत स्वस्त उपाय राहील. कारण तिचेंहि तत्त्व हेंच आहे, कीं धातूवर पाणी ठरूं देऊं नये.

शास्त्रज्ञांपुढें आतां उरलेला प्रश्न आकाराचा नाहीं, टिकाऊपणाचा आहे. पान जिवंत असतें. त्याचें मेण झडलें तर तें पुन्हा नवें मेण काढतें. धातूस तें सामर्थ्य नाहीं. कमलपत्राची निर्लेपता धातूस देतां आली. ती रोजच्या रोज राखण्याची पानाची विद्या मात्र अजून द्यावयाची आहे. ती ज्या दिवशीं साधेल, त्या दिवशीं म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांतील सांधा आणि बंदरांतील जहाज ह्या दोहोंचें आयुष्य एकदमच वाढेल.